ठिबकच्या नळीतल्या हिरव्या विड्या: पानकापी माशीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

शेत बोरी नदीच्या काठचे, अमळनेर आणि पारोळा यांच्या मधल्या पट्ट्यातले. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम देत नाही. शेतमालकाला सगळा गाव जिभाऊ म्हणतो, मीही तेच म्हणेन. त्यांचा धाकटा मुलगा माझा विद्यार्थी. मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे गावाकडून किड्यांचे फोटो मला सतत येत असतात. बहुतेक वेळा उत्तर सोपे असते. या वेळी ते सोपे आहे असे मला वाटले, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच झाली.

जमीन काळी, अडीच एकर. कपाशीच्या दर सहा ओळींनंतर तुरीची एक ओळ आणि बांधालगत सलग तुरीचा एक पट्टा. तूर पांढरी, बियाणे घरचेच. आदल्या वर्षी मिरचीला वापरलेल्या ठिबकच्या १२ मिलिमीटरच्या नळ्या उन्हाळ्यात गुंडाळून शेडमध्ये खुंट्यांवर टांगलेल्या होत्या. तोंडे उघडीच होती. शेडशेजारी करंजाची दोन झाडे, बांधावर एक आपटा. गावातले त्यांचे राहते घर जुने धाब्याचे, जाड मातीच्या भिंतींचे.

अडचण

ऑगस्टच्या शेवटी पहिला फोटो आला. तुरीच्या पानांच्या कडा गोल कापलेल्या, जणू कोणी छोट्या नाण्यावर ठेवून कात्री चालवली असावी. काही काप गोल, काही लांबट. खाली जिभाऊंचा आवाज रेकॉर्ड केलेला: “सर, हाई काय रोग शे?”

मी वर्गावर जाण्याच्या घाईत होतो. “नाकतोडा असेल, बघतो,” असे लिहून मोकळा झालो. “असेल” हा शब्द माझ्या दृष्टीने महत्त्वाचा होता. जिभाऊंच्या कानावर फक्त “नाकतोडा” गेला. ते तालुक्याच्या एका कृषी केंद्रात गेले, दुकानदाराने दोन कीटकनाशकांचे मिश्रण सुचवले आणि बाटल्या घरी आल्या.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली. कपाशी सुकायला लागली म्हणून शेडमधल्या नळ्या काढून अंथरल्या. पाणी सोडले तर सहा-सात ओळींना पाणीच पोहोचेना. एका नळीचे टोक उघडून जोर दिला, तेव्हा पाण्याबरोबर हिरवट-तपकिरी पानांचा बोळा आणि पिवळा चिकट लगदा बाहेर आला. शेजारच्या शेतात चुलतभावाची मुले गुरे राखतात. बांधावरून भाऊबंदकी जुनीच. पोरांनी मुद्दाम नळ्यांत पाला कोंबला, असे ठरवून जिभाऊ त्या घरी जाऊन बोलूनही आले.

म्हणजे तक्रारी दोन होत्या: पाने कोणी कातरतो आणि नळ्या कोणी तुंबवतो. पहिली माझ्याकडे आली, दुसरी चुलतभावाकडे गेली. एकाच माशीने दोन्ही कामे केली असतील, हे कोणाच्याही मनात आले नाही.

पहिला निर्णय: फवारायचे की थांबायचे

मुलाने फोन केला तो नळ्यांबद्दल नव्हता. “सर, उद्या फवारतोय, मास्क कोणता घेऊ?” असे त्याने विचारले. मी अजून शेत पाहिले नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. एक दिवस थांब म्हटले आणि सकाळी गेलो.

शेतात पाच मिनिटे उभे राहिल्यावर नाकतोड्याचा निकाल लागला. नाकतोडा कडा ओबडधोबड खातो. अळी असेल तर विष्ठेच्या गोळ्या दिसतात, जाळे दिसते किंवा पान मधूनच जाळीदार होते. इथे प्रत्येक काप कडेपासून सुरू होऊन कडेलाच संपत होता आणि धार इतकी स्वच्छ, की खाणाऱ्या तोंडाचे हे काम वाटेना. पान खाल्ले असेल तर त्याचा मागमूस झाडावर किंवा झाडाखाली कुठेतरी राहतो. इथे कापलेला तुकडा नाहीसा झाला होता. मग प्रश्न बदलला: तुकडा गेला कुठे?

नऊच्या सुमारास ऊन चढले आणि ती आली. मधमाशीपेक्षा जाड बांध्याची, राखाडी-काळी, शेपटाकडचे टोक जरा वर उचललेले. पानाच्या कडेवर पायांनी पक्की बसली, जबड्यांनी गोल फिरत काही सेकंदांत तुकडा कापला. शेवटचा धागा तुटता तुटता पंख सुरू, आणि तुकडा पोटाखाली धरून ती शेडच्या दिशेने निघून गेली. मुलगा तिच्या मागे पळाला. दोन मिनिटांनी त्याची हाक आली: “सर, नळीत घुसली!”

नळ्यांत काय होते

शेडमध्ये अजून चार बंडले शिल्लक होती. एका नळीचे टोक लांबीत चिरले. आत एकामागे एक पानांच्या गुंडाळ्या. जिभाऊंनी एक हातात घेतली आणि पहिल्यांदा हसले: “हाई तं बिडी शे!”

उपमा नेमकी होती. सातपुड्यातला तेंदू पाहिलेल्या माणसाला ती सुचणारच. फरक इतकाच, की या विडीत तंबाखूऐवजी परागकण आणि मधुरस यांचा घट्ट लाडू असतो आणि त्यावर एकच अंडे. लांबट तुकडे भिंतीला आणि तळाला लागतात, गोल तुकडे झाकणाला. म्हणूनच पानांवर दोन आकारांचे काप दिसत होते. एका कप्प्याला दहा-पंधरा तुकडे सहज लागतात. कप्पा बंद झाला की त्याच्या पुढे दुसरा.

ही पानकापी माशी, मेगाकायली प्रजातीतली. या एकाच प्रजातीत जगभरात १,५०० च्या आसपास जाती आहेत. माशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोळे येते, राणी येते. पण फुलांवरून पराग नेणाऱ्या अशा माश्यांच्या (इंग्रजीत ‘बी’) २०,००० हून अधिक जातींपैकी बहुतेक एकट्या राहणाऱ्या. या माशीच्या घरात कामकरी नाहीत. बीळ शोधणे, पान कापणे, पराग आणणे, अंडी घालणे, सगळे एकटीने. उभ्या आयुष्यात ती फार तर काही डझन अंडी घालते. आग्या मोहोळातल्या शंभर माश्या फवारणीत मेल्या तरी मोहोळ चालू राहते. ही एक मेली तर तिचा वंश तिथेच थांबला.

कप्प्यांचा क्रमही नेमलेला असतो. नळीच्या खोल टोकाला मादी पिल्ले, तोंडाशी नर. अंडे फलित असेल तर मादी, नसेल तर नर, आणि कुठे कोणते घालायचे ते आईच्या हाती. नर आधी बाहेर पडतात, वाट मोकळी करतात. नळीच्या तोंडाशी नुकसान झाले तर आधी नर जातात, हे पुढे आम्हाला उपयोगी पडले.

जिभाऊंचे दोन प्रश्न मात्र सरळ व्यवहाराचे होते. “मध देस का हाई?” नाही. “डंख?” दाबली तर, तोही मवाळ. “मंग काय कामनी?” मी तिच्या पोटाची खालची बाजू दाखवली. तिथल्या केसांवर परागाचा पिवळाधमक थर होता. मधमाशी पराग मागच्या पायांवर भरून नेते, ही पोटाखालच्या ब्रशवर नेते. तुरीच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर खालच्या जोडपाकळीत झाकलेले असतात. माशी त्या पाकळीवर वजन टाकून बसते तेव्हा ते वर उसळतात आणि थेट तिच्या पोटाला लागतात. या फुलाला तिचे पोट जणू मापाने शिवलेले.

पर्याय

त्या दिवशी शेडमध्ये चहा घेता घेता चार पर्याय निघाले.

ठरल्याप्रमाणे फवारायचे, हा पहिला. पैसे गेलेच होते. पण कापलेल्या पानांनी तुरीचे काय बिघडले? झाड वाढीत होते, नवी पालवी जोरात होती. एवढी पाने गेल्याने शेंगा कमी होण्याचे कारण नव्हते. शिवाय पान खाणाऱ्याला मारायचे औषध पान न खाणाऱ्यावर वाया. हा पर्याय लवकर बाद झाला.

दुसरा, सगळ्या नळ्या धुऊन साफ करायच्या आणि विषय संपवायचा. जिभाऊंचा कल इकडे होता आणि त्यांचे चूक नव्हते. कपाशी पाण्यावाचून उभी होती.

तिसरा माझा: पिल्ले बाहेर पडेपर्यंत बंडलांना हात लावायचा नाही. उबेत अंड्यापासून माशी व्हायला महिनाभर तरी लागतो. “महिनाभर कपाशीला काय, तुमचं लेक्चर पाजू?” मुलाने विचारले. विद्यार्थ्याने असे बोलावे आणि ते बरोबरही असावे, हा अनुभव मास्तरकीत अधूनमधून यायला हवा.

चौथा पर्याय जिभाऊंच्या पत्नीने सुचवला. त्या बाजूला बसून शेंगा सोलत होत्या. घरटी तर टोकालाच आहेत ना, मग टोके कापा आणि बाकीची नळी वापरा. प्राणिशास्त्राच्या पदवीधराला आणि शेतकऱ्याला जे सुचले नाही, ते कातर-शिवणाच्या हिशेबाने सुटले. माशी उघड्या टोकापासून आत वीतभर-दीड वीत घर करते. पुढची नळी कोरी असते. टोकामागे दीड वीत नळी गेली तर तोटा किरकोळ.

काय केले

शेडमधल्या चारही बंडलांची भरलेली टोके कापली, त्यांच्या मागच्या बाजूला मातीचे बूच बसवले आणि जुडी बांधून गोठ्याच्या छपराखाली टांगली. उरलेल्या नळ्या अंथरल्या. आधीच अंथरलेल्या नळ्यांतली पिल्ले मात्र वाचवण्यासारखी राहिली नव्हती. पाण्याच्या दाबाने कप्पे फुटले होते.

यात दोन चुका झाल्या, दोन्ही माझ्या सल्ल्याने.

गोठ्याची जागा सावलीची म्हणून मी निवडली. तिथे मुंगळ्यांची रांग कायमची. चौथ्या दिवशी जुडीतल्या काही नळ्या त्यांनी तोंडाकडून पोखरल्या होत्या. खोल कप्पे शाबूत होते, म्हणजे नर गेले आणि माद्या बऱ्याच अंशी वाचल्या. मग जुडी शेडच्या पूर्वेच्या वळचणीला नेली. तारेवर टांगली आणि तारेला ग्रीस फासले. सकाळचे ऊन मिळते, दुपारचे टळते.

दुसरी चूक प्लास्टिकची. प्लास्टिकची नळी श्वास घेत नाही. आतला ओलावा आतच राहतो आणि परागाच्या लाडवाला बुरशी धरते. दोन नळ्या अशाच गेल्या. लाकडात, बोरूत किंवा बांबूत हे कमी होते. माशीने नळी पसंत केली ती चांगली म्हणून नव्हे. मापाचे दुसरे बीळ जवळ नव्हते म्हणून. या माश्या घरट्यापासून काहीशे मीटरांच्या आतच वावरतात. तेवढ्या टापूत पान हवे, फूल हवे आणि बीळ हवे. पान आणि फूल शेतात होते. बीळ कुठले? पूर्वी कुडाच्या भिंती, पोखरलेली वासे-लाकडे, बोरूची बेटे होती. आता पत्रे आणि सिमेंट.

मुलाने बोरू आणि बारीक बांबूचे वीतभर लांबीचे तुकडे केले. मागची बाजू गाठीने बंद, पुढची मोकळी, आतली पोकळी करंगळी जाईल-न-जाईल अशी. रुंद बांबू काढून टाकायला लावले. त्यात कुंभारीण, म्हणजे मातीचे घर करणारी गांधीलमाशी, माती भरते आणि पानकापी फिरकत नाही. नव्या जुडीतल्या दोन तुकड्यांची तोंडे दसऱ्याच्या आत हिरव्या झाकणांनी बंद झाली. दसऱ्यालाच मुलाने एक बारकी गोष्ट टिपली. सोने लुटायला तोडलेल्या आपट्याच्या डहाळीवर काही कोवळ्या पानांना तेच गोल काप होते. लुटालूट आपल्याआधीच सुरू झालेली.

पाहुणी

ऑक्टोबरच्या सुरुवातीला जुडीतून माश्या निघू लागल्या. पहिल्या दोन दिवसांत निघालेल्यांत एक वेगळीच: काळी, अंगावर केसांचे पांढरे पट्टे, पोट निमुळते होत सुईसारखे टोकदार. पोटाखाली परागाचा ब्रश नाही. मला क्षणभर हीच घरमालकीण वाटली.

ती सीलिऑक्सिस, पानकापीची कोकिळा. स्वतः घर बांधत नाही, पराग आणत नाही. पानकापी बाहेर गेली की आत शिरते, टोकदार पोटाने पानांच्या भिंतीत अंडे खुपसते. तिच्या अळीला कोयत्यासारखे जबडे असतात. यजमानाचे अंडे किंवा पिल्लू मारून ती लाडू खाते. जिभाऊ म्हणाले, हिला तरी मारू द्या.

इथे थोडा वाद झाला. माझे म्हणणे, मारू नये. कोकिळा तिथेच टिकते जिथे कावळे भरपूर असतात. तिचे असणे म्हणजे शेतात पानकापी पुरेशा असल्याची खूण. पण आम्ही नळ्यांची दाट जुडी बांधून तिची सोय करून दिली होती, हेही खरे. रानात घरटी विखुरलेली असतात, तिला शोधावी लागतात. शेवटी तिला सोडले आणि जुडीचे तीन भाग करून लांब लांब टांगले.

फुलोरा आणि खरी कीड

ऑक्टोबरअखेर तूर फुलली आणि जो प्रश्न आम्ही टाळला होता तो दारात आला. शेंगा पोखरणारी अळी काही कल्पनेतली नव्हती. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावले. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात आठ-दहा पतंग यायला लागले की फवारणीची वेळ समजायची; ती आकडेवारी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाठली गेली.

जिभाऊंनी त्याच जुन्या बाटल्या काढल्या. त्या पान कुरतडणाऱ्यासाठी म्हणून दिलेल्या, त्यातले मिश्रण फुलोऱ्यात मारणे म्हणजे फुलावरच्या सगळ्यांवर मारणे. आधी ५ टक्के निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावर, असे ठरले. पुढे शेंगा भरताना अळी दिसत राहिली तेव्हा एक फवारणी इमामेक्टिन बेंझोएट या कीटकनाशकाची घेतली, संध्याकाळी. पानकापी रात्री बिळात असते, त्यामुळे अंगावर थेंब पडत नाही.

संध्याकाळच्या फवारणीवर मी नको तितका विसंबलो. मधमाशीचे पिल्लू मेणाच्या घरात वाढते. पानकापीचे पिल्लू पानात गुंडाळलेले असते, आणि ते पान आदल्या संध्याकाळी फवारलेले असू शकते. औषध पिल्लापर्यंत पानातून पोहोचायची वाट इथे उघडी होती. फवारणीनंतरच्या आठवड्यात कापलेल्या पानांचे काय झाले, याचा हिशेब आम्ही ठेवायला हवा होता. शेडजवळच्या करंजावर आणि बांधावरच्या आपट्यावर औषध जाऊ दिले नाही, एवढे मात्र मुलाने कटाक्षाने पाळले. स्वच्छ पान जवळ मिळाले तर ती लांब जात नाही.

निष्पत्ती

तूर चांगली आली. यात माशीचा वाटा किती, ते या शेतावरून सांगता येणार नाही. मुलाने फुलोऱ्याआधी पाच फांद्यांना मच्छरदाणीचे कापड बांधले होते. कापडातही शेंगा लागल्या. लागणारच, कारण तूर मुख्यत्वे स्वतःच्याच परागावर फळते. माशीमुळे फूल नीट उघडते, बाहेरचा पराग मिळतो. पण माशी नसती तर तूर आलीच नसती, असे म्हणणे खोटे ठरेल. असे दावे मी पानकापीच्या वकिलांकडून ऐकतो आणि अस्वस्थ होतो.

उलट, परपरागणाची दुसरी बाजू जिभाऊंना आधीपासून दिसत होती, फक्त तिचे कारण कळत नव्हते. त्यांच्या पांढऱ्या तुरीत दरवर्षी थोडे लाल दाणे निघत आणि ते दोष मळणीयंत्राला देत. चुलतभावाची तूर लाल. माशीला बांध कळत नाही. दाण्याच्या सालीचा रंग आईकडचा असतो, म्हणून मिसळण त्याच वर्षी दिसत नाही. ते बी पुढच्या वर्षी पेरल्यावर त्या झाडाच्या शेंगांत रंग उघडा पडतो. आता ते बियाण्यासाठीच्या शेंगा शेताच्या मधल्या ओळींतून, बांधापासून लांबच्या, वेगळ्या काढतात.

नळ्यांची सवय बदलली. हंगाम संपला की टोके दुमडून रबराने बांधायची. बोरूच्या जुड्या वळचणीला राहिल्या. बाटल्या दुकानदाराने परत घेतल्या नाहीत. त्या अजून कुलपात आहेत.

चुलतभावाकडे जाऊन पोरांचा काही दोष नव्हता हे सांगायचे, असे जिभाऊंनी दोनदा ठरवले. अजून गेलेले नाहीत. त्यांचा मुलगा मात्र एक चिरलेली नळी घेऊन त्या पोरांकडे गेला होता.

काय वेगळे करता आले असते

फोटोवरून नाव सांगायला नको होते. कडेचा फोटो, पानाची खालची बाजू, झाडाखालची माती आणि सकाळी नऊ ते अकरा पंधरा मिनिटे उभे राहणे, एवढे मागितले असते तर बाटल्या विकत आल्याच नसत्या. माझा एक घाईचा शब्द दुकानात पावतीसारखा चालला.

पाने आणि नळ्या या तक्रारी वेगळ्या समजल्या गेल्या कारण पहिली पिकाची होती, दुसरी यंत्राची. मुलाने मला दुसरी सांगितलीच नव्हती. आता मी विचारतो: याच दिवसांत शेतात आणखी काय विचित्र झाले?

जुडी करताना पहिल्यापासून विखुरलेली हवी होती, बोरूची हवी होती आणि मुंग्यांचा बंदोबस्त टांगण्याआधी हवा होता.

आणि घराची भिंत. ती आम्ही फार उशिरा पाहिली. फेब्रुवारीत जिभाऊंच्या धाब्याच्या घराच्या पूर्वेकडच्या भिंतीत मुलाला बोटाएवढ्या छिद्रांची रांग दिसली, काही मातीने लिंपून बंद केलेली. घरची माणसे त्यांना कुंभारणीची घरे समजत होती. त्यातल्या काहींवर येणारी माशी तांबूस केसांची होती आणि तिच्या पोटाखाली पराग होता. पानकापीच्या या गोतावळ्यात सगळ्याच पाने कापत नाहीत. काही माती वापरतात, काही झाडांची राळ. इंडोनेशियातली या प्रजातीतली सगळ्यात मोठी माशी वाळव्यांच्या वारुळात राळेचे घर करते. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना ती १८५८ मध्ये सापडली, नंतर १९८१ मध्ये पुन्हा दिसली आणि जिवंतपणी तिचा फोटो निघाला तो २०१९ मध्ये. आमची मातीवाली इतकी दुर्मीळ नाही, पण तिला भिंत लागते.

भिंत पाडायचे आधीच ठरले होते. घरकुल मंजूर झाले होते आणि पुढचा हप्ता पाया भरल्याशिवाय मिळणार नव्हता. महिना-दीड महिना थांबता येईल का, असे मी विचारले. जिभाऊंनी माझ्याकडे पाहिले, मग पत्नीकडे. त्या म्हणाल्या, पावसात गळणाऱ्या धाब्याखाली आणखी एक वर्ष मी काढणार नाही. यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

मार्चमध्ये भिंत उतरवली. छिद्रे असलेल्या भागाच्या सात-आठ मोठ्या ढेपा मुलाने बैलगाडीत घालून शेतात नेल्या आणि शेडच्या पूर्वेला एकावर एक रचून वर पत्र्याचा तुकडा टाकला. एप्रिलअखेर दोन छिद्रे आतून उघडलेली दिसली. बाकीची अजून बंद आहेत.